तंजावरच्या पाद्र्याची त्रिशताब्दी

१७२६ सालच्या ऑक्टोबरात प्रशियातल्या झोनेनबुर्ग नावाच्या लहानशा गावी एक मुलगा जन्मला. ते गाव आज पोलंडात आहे आणि त्याचे नावही बदलले आहे. मुलगा हाले शहरी शिकला, कोपनहेगनला त्याला पाद्र्याची दीक्षा मिळाली आणि वयाच्या चोविसाव्या वर्षात तो तमिळ मुलखाच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे तो तिथेच राहिला. लग्न केले नाही, मायदेशी परतला नाही, आणि १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरात वारला तेव्हा त्याच्या शवपेटीमागून एक भोसले राजपुत्र रडत चालला होता. या पाद्र्याचे नाव क्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ. यंदाच्या ऑक्टोबरात त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे होत आहेत.

उत्तर कानड्यातल्या सुप्या-जोयड्याच्या रानात बसून एका जर्मन पाद्र्याची जयंती आठवायचे कारण काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तंजावर म्हटले की मराठी वाचकाला तीन-चार गोष्टी आठवतात: सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा इतिहास, शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक, आणि सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले ही लग्नाच्या पंगतीत हटकून सांगितली जाणारी, पुराव्याची गाठ मात्र कधी न पडलेली कथा. या यादीत पाद्री कुठेच नाही. तमिळ माणूसही फारसा नाही. जणू एकोजीराजे आपल्याबरोबर एक रिकामा मुलूख घेऊन गेले आणि त्यांच्या वंशजांनी त्यात पोथ्या भरल्या! तंजावरच्या मराठी राज्याची शेवटची पन्नास वर्षे या पाद्र्याला आणि त्याच्या तमिळ शिष्यांना वगळून सांगताच येत नाहीत, एवढेच आज आम्हांला म्हणायचे आहे.

आता सुप्याचे. हा घाटमाथा सोंद्याच्या राजांचा. १७६३ साली हैदर अलीच्या फौजा बिदनूर घेऊन इकडे वळल्या, सोंद्याचा राजा घाट उतरून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयाला गेला आणि आपल्याकडे म्हैसूरचा अंमल बसला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि कानडा जिल्हा कंपनीकडे, म्हणजे मद्रासकडे गेला. थॉमस मन्रो त्याचा पहिला कलेक्टर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तंजावरच्या राजाने तह करून आपल्या राज्याचा कारभार कंपनीला दिला. तेव्हापासून १८६२ पर्यंत, उत्तर कानडा मुंबई इलाख्याला जोडला जाईतो, सुपा आणि तंजावर एकाच मद्रास सरकारच्या दप्तरात होती. आमच्या पणज्या-खापरपणज्यांचा सारा ज्या इलाख्यात जमा होई, त्याच इलाख्यात तंजावरच्या राजाची नेमणूक खर्ची पडे. हे नाते दूरचे खरे. पण मराठी मुलखाची हद्द आजच्या नकाशावर शोधणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवायला हरकत नाही.

श्वार्ट्झ काही पहिले नव्हते. कावेरीच्या मुखाजवळच्या तरंगंबाडीला डेन्मार्कच्या लोकांची वखार होती. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना ती जागा दिलेली. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे दोन जर्मन पाद्री ९ जुलै १७०६ रोजी तिथे उतरले. तंजावरच्या गादीवर तेव्हा एकोजींचे चिरंजीव शहाजीराजे होते. त्सीगेनबाल्ग गावठी शाळेत पोरांच्या रांगेत बसून वाळूवर बोटाने तमिळ अक्षरे गिरवू लागला. पुढे त्याने छापखाना आणला, तमिळ नवा करार छापला, कागद पुरेना म्हणून कागदाचा कारखानाही काढला. त्याला तुरुंगात टाकले ते मराठ्यांनी नव्हे, त्याच्याच डॅनिश कमांडंटने. वखारीच्या अधिकाऱ्यांना व्यापार हवा होता, धर्माची कटकट नको होती. मिशनरी म्हणजे सरकारचा माणूस, हे समीकरण पहिल्या दिवसापासूनच असे अडखळत आले आहे.

श्वार्ट्झ याच परंपरेतले. तमिळची धुळाक्षरे त्यांनी हालेलाच गिरवली होती. आधी तरंगंबाडी, मग तिरुचिरापल्ली, आणि १७७८ पासून कायमचे तंजावर. तिरुचिरापल्लीला ते कंपनीच्या फौजेचेही पाद्री होते आणि त्याबद्दल त्यांना वर्षाला १०० पौंड मिळत. पैशांचा बहुतेक भाग शाळांत आणि चर्चमध्ये गेला, पण कंपनीचा पगारी माणूस ही त्यांची दुसरी ओळख झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोठेपणाही तिथेच आहे आणि अडचणही तिथेच.

मोठेपण आधी सांगू. १७७९ साली मद्रासच्या गव्हर्नरला हैदर अलीच्या मनात काय आहे ते हवे होते. हैदरचा इंग्रजांच्या वकिलांवर काडीचा विश्वास नव्हता. हा पाद्री मला फसवणार नाही, तो आला तर बोलू, असा त्याचा निरोप होता. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणला गेले. निघताना हैदरने वाटखर्चाला ३०० रुपये दिले, ते त्यांनी मद्रासला आल्यावर सरकारपुढे ठेवले आणि सरकार घेईना तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावले. कामगिरी मात्र फुकट गेली. वर्षभरात हैदर कर्नाटकात उतरला आणि १७८१ मध्ये तंजावरचा सुपीक मुलूख त्याच्या स्वारांनी उजाड केला. पाटबंधारे फोडले, गुरे नेली, पिके जाळली. सुप्या-सोंद्याने जे अठरा वर्षांपूर्वी पाहिले तेच कावेरीकाठाने आता पाहिले. तरीही लढाईच्या धामधुमीत पाद्री श्वार्ट्झ कुठेही दिसले तरी त्यांना वाट द्यावी, असा हैदरचा आपल्या सरदारांना हुकूम होता.

मग आला दुष्काळ. तंजावरच्या किल्ल्यात माणसे रस्त्यात पडून मरत होती आणि बाहेरच्या खेड्यांत धान्य होते. शेतकरी बैल जुंपायला तयार नव्हते, कारण आधी नेलेल्या धान्याचे पैसे ना राजाने दिले होते ना कंपनीने. राजाच्या शब्दाला किंमत उरलेली नव्हती, इंग्रज सेनापतीच्या शब्दाला कधी नव्हतीच. शेवटी राजा आणि रेसिडेंट दोघेही श्वार्ट्झकडे आले. त्यांनी खेड्यांत निरोप धाडले की पैसे मी देतो. एक-दोन दिवसांत बैल आले, धान्य आले, आणि पैसे मिळाले. हे सगळे शेतकरी तमिळ हिंदू होते. त्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला नव्हता, माणसावर ठेवला होता. युद्धानंतर गावे सोडून पळालेले कुळवाडीही अशाच शब्दावर हजारोंनी परत आले आणि पेरणीला लागले. एखाद्या राज्यात राजाहून परक्या पाद्र्याचा शब्द चालू लागावा, ही त्या पाद्र्याची थोरवी; पण त्या राज्याची ती केवढी नामुष्की, हे मराठी इतिहासकारांनी कधी उघडपणे लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

तेव्हा गादीवर असलेल्या तुळजाराजांना ती नामुष्की कळत असावी. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या फौजेनिशी तंजावर घेतले तेव्हा ते स्वतःच कैदेत पडले होते. विलायतेच्या हुकमाने १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने त्यांना गादी परत दिली, आणि त्याच वर्षी पिगटलाच त्याच्या कौन्सिलने कैदेत टाकले. पुढे राजाचे मुलगा, मुलगी, नातू सगळे गेले. १७८७ च्या जानेवारीत आजारी तुळजाराजांनी भोसले घराण्याच्याच एका शाखेतला दहाव्या वर्षात असलेला मुलगा दत्तक घेतला. नाव सर्फोजी. त्यांनी श्वार्ट्झना वाड्यात बोलावले, मुलाचा हात त्यांच्या हाती दिला आणि हा माझा नसून तुमचा मुलगा, असे सांगितले. वारसा एका लूथरपंथी पाद्र्याच्या ओटीत टाकणारा हा भोसले राजा काय विचार करत असेल? दरबारात कोणावर भरवसा टाकावा असे एकही माणूस त्याला दिसत नव्हते, हेच खरे कारण असावे.

श्वार्ट्झ यांनी ते पालकत्व एकट्याने घ्यायला नकार दिला. मी वाड्यात राहू शकत नाही, रोज पाळत ठेवू शकत नाही, आणि मुलगा एकटा राहिला तर दरबारातले तट त्याच्या जिवावर उठतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांचे नाव सुचवले. सल्ला शहाणपणाचा होता आणि पुरता फसला. राजे थोड्याच दिवसांत वारले. अमरसिंहांनी गादीवरच हक्क सांगितला. मद्रासचे गव्हर्नर कॅम्पबेल यांनी पंडितांना विचारले, पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरवले, आणि सर्फोजी वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत बंद झाला. ना गुरू, ना उजेड. श्वार्ट्झ यांनी मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली तेव्हा कुठे मुलाला पहारा आणि शिक्षक मिळाले. १७९३ मध्ये त्याला आणि तुळजाराजांच्या राण्यांना मद्रासला हलवले. तिथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली तो इंग्रजी शिकला. दरम्यान त्या पंडितांचे मत पैसे आणि धाक यांनी काढले होते हे बाहेर आले. नव्याने शास्त्रार्थ झाला, दत्तक वैध ठरला आणि २९ जून १७९८ रोजी सर्फोजी गादीवर बसले. श्वार्ट्झ साडेचार महिन्यांपूर्वीच गेले होते.

आता अडचण. अमरसिंहांच्या कारभाराविरुद्ध श्वार्ट्झ यांनी मद्रासला जे लिहिले ते बहुतेक खरेच असेल. रयत पिळली जात होती यात शंका नाही. पण त्या पत्रांचा उपयोग कंपनीने कशासाठी केला ते १७९९ च्या ऑक्टोबरात दिसले. सर्फोजींनी तहावर सही केली. किल्ला आणि वाडा त्यांचा, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा त्यांचा. बाकी राज्य कंपनीचे. पाद्र्याने वाचवलेला राजपुत्र राजा झाला, पण राज्य मात्र गेले. पाद्र्याने राज्य बुडवले, असा आरोप आम्ही करणार नाही. ते आधीच नवाबाच्या आणि कंपनीच्या कर्जात बुडालेले होते. पण प्रामाणिक माणसाच्या साक्षीचा अप्रामाणिक सत्तेला किती उपयोग होतो, याचे याहून चांगले उदाहरण दक्षिणेच्या इतिहासात शोधावे लागेल. सर्फोजींनीही कंपनीशी निष्ठा शेवटपर्यंत राखली. नेपोलियनच्या पराभवाच्या आनंदाप्रीत्यर्थ समुद्रकाठी त्यांनी उभारलेला आठमजली मनोरा आजही उभा आहे. भोसल्यांच्या वंशजाने इंग्रजांच्या विजयाचा मनोरा बांधावा, हे पचायला जड जाते खरे!

आणि तरी हाच राजा ख्रिस्ती झाला नाही. दहाव्या वर्षापासून मिशनऱ्यांच्या छायेत वाढलेला, इंग्रजीत त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारा, श्वार्ट्झ यांना पित्यासमान मानणारा सर्फोजी काशीयात्रा करून आला, देवळांना दाने देत राहिला, अन्नछत्रे चालवत राहिला. त्याच वेळी गरीब ख्रिस्ती मुलांच्या शाळेला त्याने मदत केली. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या त्या काळच्या नामांकित शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले आणि ते तंजावरच्या किल्ल्यातल्या, श्वार्ट्झ यांनीच १७७९ मध्ये बांधलेल्या चर्चमध्ये बसवले. शिवगंगा बागेतले हे चर्च बृहदीश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. शिल्पात म्हातारा पाद्री मंचकावर पडलेला आहे. राजा वाकून त्याचा हात हातात घेतो आहे, मागे दोन मानकरी, उशाशी गेरिके, आणि मंचकाजवळ शाळेतली तीन तमिळ मुले. त्या मुलांकडे पाहावे. राजा आणि पाद्री यांची नावे इतिहासात आहेत, तीन मुलांची नाहीत; पण फ्लॅक्समनला तंजावर न पाहताही त्यांना शिल्पात जागा द्यावीशी वाटली. श्वार्ट्झ यांच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळी सर्फोजींनी स्वतः रचल्या आहेत.

श्वार्ट्झ यांच्या शाळेतल्या दुसऱ्या एका मुलाचे नाव मात्र इतिहासाने नीट जपले आहे. वेदनायगम शास्त्री. जन्म १७७४, तिरुनेलवेलीकडचा, वेळ्ळाळ जातीच्या ख्रिस्ती घरातला. श्वार्ट्झ यांनी त्याला बारा वर्षांचा असताना तंजावरला आणले. तो आणि सर्फोजी एका गुरूचे चेले. पुढे एक राजा झाला, दुसरा शाळामास्तर आणि तमिळ कवी, आणि राजाने कवीला पदरी ठेवले. कोरवंजी हा तमिळ खेळाचा लाडका प्रकार: विरहाने झुरणारी नायिका, तिचा हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरातली कोरवीण, शेवटी देवाशी किंवा राजाशी मीलन. वेदनायगमने ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तिच्यात नायिका सियोनची कन्या, नायक ख्रिस्त. आणि मधूनच ग्रहगोलांचे नवे, युरोपातून आलेले ज्ञान. इकडे सर्फोजींच्या नावावर मराठी ‘देवेंद्र कोरवंजी’ आहे. तिच्यातली कोरवीण भविष्य सांगायचे सोडून खंड, देश, समुद्र यांचा भूगोल सांगते! एकाच्या कोरवंजीत ख्रिस्त, दुसऱ्याच्या कोरवंजीत जगाचा नकाशा, आणि दोघांचाही साचा तमिळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पाद्र्याच्या शाळेत मिळालेली विद्या तमिळ ख्रिस्ती कवी आणि मराठी हिंदू राजा यांनी आपापल्या भाषेत गाऊन दाखवली, असे चित्र भारतात दुसरीकडे कुठे सापडेल? आमच्या मते तंजावरच्या साऱ्या वैभवात ही जोडगोळी पहिल्या मानाची. सर्फोजींनी देवनागरी छापखाना काढला, त्यात इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले, ही मुंबईत मराठी छपाई रुजण्याच्या आधीची गोष्ट. तिचेही मूळ याच शिक्षणात शोधावे लागते.

पण या कहाणीतली आम्हांला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती राजाही नाही आणि कवीही नाही. ती तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा आहे. तिचे माहेरचे-सासरचे नाव कोणाला खात्रीने सांगता येत नाही. सतीच्या चितेवरून एका इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचवले, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, लिटलटन नावाच्या अधिकाऱ्याबरोबर ती राहत होती, त्याच्याकडून इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्म शिकली, हे नक्की. तिने श्वार्ट्झ यांच्याकडे बाप्तिस्मा मागितला. त्यांनी नकार दिला, कारण दोघांचे लग्न झालेले नव्हते. संख्या वाढवण्याची घाई असलेला पाद्री असे करत नाही. लिटलटन वारल्यावर, १७७८ साली, पाळैयंकोट्टैला तिला बाप्तिस्मा मिळाला आणि ती क्लोरिंडा झाली.

जातीने टाकलेली, गोऱ्यांच्या छावणीत राहिलेली, परमुलखातली बाई. तिने काय करावे? तिने मंडळी जमवली. १७८० च्या पाळैयंकोट्टै मंडळीच्या नोंदीत चाळीस नावे आहेत आणि पहिले नाव तिचे. तिने चर्च बांधले. १७८५ मध्ये श्वार्ट्झ यांनी येऊन त्याचे अर्पण केले. तिरुनेलवेली भागातले प्रॉटेस्टंटांचे ते पहिले चर्च. तमिळ लोक त्याला आजही पाप्पात्ती अम्माळ कोविल म्हणतात, म्हणजे बामणीणबाईचे देऊळ. तिने खोदलेली विहीरही तिच्याच नावाने ओळखली जाते. १८०६ मध्ये ती गेली. तिने सुरू केलेल्या मंडळीतून पुढे दक्षिण भारतातली एक मोठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली आणि पाळैयंकोट्टै शाळा-महाविद्यालयांसाठी इतके गाजले की त्याला दक्षिणेचे ऑक्सफर्ड म्हणू लागले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. त्यावर मराठी समाजाने केवढा गदारोळ केला, किती अग्रलेख लिहिले! त्याच्या एकशेपाच वर्षे आधी दुसरी एक मराठी विधवा तमिळ मुलखात स्वतःच्या पायावर उभी राहून मंडळी स्थापन करते, आणि तिचे नाव आपल्या एकाही शालेय पुस्तकात नाही. तमिळ लेखक अ. माधवय्या यांनी १९१५ मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. मराठीने तिला अजून उंबऱ्याच्या आत घेतलेले नाही.

असे लिहिले की दोन्ही बाजूंचे लोक रागावतात. एकांना वाटते आम्ही धर्मांतराची भलामण करतो, दुसऱ्यांना वाटते पाद्र्याच्या पुण्याईत आम्ही खोट काढतो. खोट आहेच, आणि ती मुख्यतः जातीची. तंजावरच्या चर्चमध्ये वेळ्ळाळ ख्रिस्ती एका बाजूला बसत, परयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. श्वार्ट्झ यांना ते आवडत नव्हते, पण त्यांनी ते चालवून घेतले. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतून जात ताबडतोब काढून टाका असे फर्मावले, तेव्हा तंजावरातल्या अनेक वेळ्ळाळांनी मंडळी सोडली. वेदनायगम शास्त्रींसारखा थोर कवीही जातीच्या बाजूने उभा राहिला होता. त्याने त्यावर लिहिलेही. ख्रिस्त बदलला, पंगत बदलली नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे भेद चर्चच्या पायरीपर्यंत आलेले आमच्या वाचकांनी पाहिलेले आहेत, तेव्हा तंजावरला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. हल्याळ-जोयड्याकडे पाहिले तरी हिंदू सिद्दी, मुसलमान सिद्दी आणि ख्रिस्ती सिद्दी एकाच रानात राहतात. धर्म तीन झाले म्हणून गरिबी तीन वाटांनी गेलेली नाही.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर बाणावलीच्या जुझे वाझ यांचे नाव घेतलेच पाहिजे. जन्म १६५१. श्वार्ट्झ यांच्या आधी तीन पिढ्या हा कोकणी पाद्री कानडा किनाऱ्यावर तीन वर्षे फिरला आणि १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरला. डच लोक तिथल्या कॅथलिकांना छळत होते. जाफन्याच्या तमिळांत तो लपूनछपून राहिला, तमिळ शिकला आणि कॅंडीत १७११ मध्ये वारला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. तमिळ ख्रिस्ती इतिहास म्हटले की जर्मन आणि इंग्रज नावे पुढे येतात. त्यात आमच्या शेजारचा, काळ्या रंगाचा, कोकणी बोलणारा माणूस होता, हे सांगायला आम्हांला संकोच का वाटावा?

कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा आला, पुढच्याच वर्षी सरकार बदलले आणि मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय केला. या वादात दोन्हीकडून मिशनऱ्यांचा इतिहास फेकला जातो, दगडासारखा. त्या इतिहासात शिरून पाहिले तर दुष्काळातले बैल दिसतात, बाप्तिस्मा नाकारणारा पाद्री दिसतो, ख्रिस्ती न होता पाद्र्याचे स्मारक करणारा राजा दिसतो, जात न सोडणारा ख्रिस्ती कवी दिसतो, आणि नाव हरवलेली एक मराठी बाई दिसते. यांतले कोणीही घोषणेत बसत नाही. कंपनीच्या राज्याला श्वार्ट्झ यांच्या नावाचा फायदा झाला, हे आम्ही वर लिहिले आहे आणि ते मागे घेत नाही. पण तंजावरच्या भुकेल्या माणसाला त्या दिवशी धान्य कोणी मिळवून दिले या प्रश्नाचे उत्तरही एकच आहे.

आमच्या वाचकांना दोन विनंत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत रामेश्वर-तंजावरची यात्रा काढणाऱ्या मंडळींनी बृहदीश्वर आणि सरस्वती महाल पाहून बस गाठण्याची घाई करू नये. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये जाऊन फ्लॅक्समनचे शिल्प पाहावे, आणि दक्षिणेला आणखी खाली उतरणार असाल तर पाळैयंकोट्टैला क्लोरिंडाबाईंच्या चर्चशी थांबावे. दुसरी विनंती मोडी वाचणाऱ्यांना. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी कागद ढिगाने पडून आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काहींचे तमिळ भाषांतर छापले आहे, म्हणजे आपल्याच राजांची रोजची दप्तरे आपल्याआधी तमिळ वाचक वाचतो आहे. काळी आणि पांढरीच्या संगमावरचे आपले जुने सुपा धरणाच्या पाण्यात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, माणसे रामनगरला गेली; गाव गेले की त्याच्या आठवणी कशा विखुरतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. खानापूर, बेळगाव, हल्याळ, जोयडा या पट्ट्यातल्या मराठी शिक्षकांपैकी ज्यांना मोडी येते त्यांनी निवृत्तीनंतरचा थोडा वेळ या कागदांना द्यावा. ज्यांना येत नाही त्यांनी शिकावी. नेटाने बसले तर काही महिन्यांत जमते.